शिधा आणि शिदोरी : ओपन सोर्स जावा-घटकांची बांधणी

आजच्या विषयाचे नाव ऐकून पुष्कळांना असे वाटण्याचा संभव आहे की, हा विषय पुण्या-बंगळुरूच्या संगणक-कंपन्यांतील मंडळींचा. जळगाव-धुळ्याच्या नागरिकाने त्यासाठी आपली एक संध्याकाळ का खर्ची घालावी? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर आरंभीच दिलेले बरे.

आपल्या गावातील महाविद्यालय, ग्रंथालय, पतपेढी, रुग्णालय, नगरपालिका या साऱ्यांचे कामकाज आता संगणकावर चालते. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर विकतच घ्यावे लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जगात उत्तम दर्जाचे असे कितीतरी सॉफ्टवेअर आहे की, ज्याला मोल पडत नाही. ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, हवी तशी बदलता येते आणि शेजाऱ्याला देताही येते. यालाच ओपन सोर्स म्हणतात. असे असून ते तालुक्याच्या गावी सहजासहजी पोचत नाही. ते महाग नाही, कारण त्याला किंमतच नाही. ते दडवून ठेवलेले नाही, कारण ते सर्वांसमोर उघडे आहे. मग अडते कोठे? अडते ते येथे, की ते आपल्याला शिध्याच्या रूपाने मिळते, शिदोरीच्या रूपाने मिळत नाही.

शिधा आणि शिदोरी यांतला भेद खानदेशच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. शिधा म्हणजे मोजून दिलेले कोरडे सामान : पीठ, डाळ, मीठ, तिखट, तेल. चूल आपली, लाकडे आपली, भांडी आपली आणि कसबही आपलेच. शिदोरी म्हणजे फडक्यात बांधून दिलेली कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा. शेताच्या बांधावर बसावे, गाठ सोडावी आणि जेवावे. अन्न दोन्हीकडे तेच. पण ज्याच्यापाशी चूल नाही, त्याला शिधा देऊन त्याची भूक भागत नाही. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा शिधा जगात अमाप पडलेला आहे. त्याची शिदोरी कशी बांधतात, बांधताना काय चुकते आणि ती कोणी बांधावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. उदाहरणादाखल जावा या भाषेतील सॉफ्टवेअर घेऊ. कारण मोठ्या संस्थांचे पुष्कळसे कामकाज याच भाषेतील आज्ञावलींवर चालते.

घटक आणि त्याचे गाठोडे

जावा ही संगणकाला आज्ञा देण्याची एक भाषा आहे. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी ती घडवली आणि १९९५ मध्ये ती जगापुढे आली. तिची विशेषता अशी की, जावातील आज्ञावली एखाद्या विशिष्ट यंत्राच्या बोलीत उतरवली जात नाही. ती एका मधल्या, सर्वांना समान अशा बोलीत उतरवतात, आणि प्रत्येक यंत्रावर ती बोली जाणणारा एक दुभाषी बसवलेला असतो. त्यामुळे एकदा तयार केलेली आज्ञावली निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर तशीच चालते. २००६ पासून सन कंपनीने जावाची मूळ संहिताही खुली करण्यास आरंभ केला. पुढे २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलने घेतली. पण खुली झालेली जावा खुलीच राहिली.

आता कोणताही मोठा कार्यक्रम लिहिणारा मनुष्य सारे काही स्वतः लिहीत नाही. घर बांधणारा गवंडी जसा बिजागऱ्या आणि कड्या-कोयंडे स्वतः घडवीत बसत नाही, दुकानातून आणतो, तसेच येथे. तारखांचा हिशेब करणारा एक घटक, छापील पानाची प्रत तयार करणारा दुसरा, डेटाबेसशी बोलणारा तिसरा, झालेल्या कामाची नोंद ठेवणारा चौथा, असे हजारो तयार घटक जगभरच्या लोकांनी लिहून खुले ठेवले आहेत.

असा प्रत्येक घटक एका गाठोड्यात बांधलेला असतो. त्याला जार म्हणतात. इंग्रजीत जार म्हणजे बरणी. येथे मात्र ते ‘जावा आर्काइव्ह’ या दोन शब्दांचे आखूड रूप आहे. हे गाठोडे आतून साध्या झिप फाइलसारखेच असते, फक्त त्याच्यासोबत ‘मॅनिफेस्ट’ नावाची एक चिठ्ठी ठेवण्याची रीत आहे. गाठोडे कोणाचे, कोणत्या आवृत्तीचे, उघडल्यावर आरंभ कोठून करायचा, या गोष्टी त्या चिठ्ठीत लिहिता येतात.

या चिठ्ठीचे मोल धुळेकरांना विशेष कळावे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच निवर्तले, आणि त्यांच्या मागे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. जुन्या दप्तरांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना रुमाल म्हणजे काय ते ठाऊक असते. कागदांचा गठ्ठा कापडात बांधायचा, वर क्रमांक घालायचा आणि आत काय आहे त्याची यादी करायची. यादी असलेला रुमाल म्हणजे इतिहासाचे साधन. यादी नसलेला रुमाल म्हणजे नुसते बोचके. ही यादीची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

जोडणीची अडचण

घटक एकेकटा असता तर प्रश्न सोपा होता. परंतु एक घटक दुसऱ्याच्या आधाराने चालतो, दुसरा तिसऱ्याच्या. आपण एक मागवावा, तर त्याच्यामागून त्याचा गोतावळा येतो. मध्यम आकाराच्या कार्यक्रमात असे शंभर-दोनशे घटक असणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि त्यांपैकी लिहिणाऱ्याने स्वतः हाताने निवडलेले वीस-पंचवीसच असतात. बाकीचे पाहुण्यांचे पाहुणे.

ठिबक सिंचनाचा संच डोळ्यांपुढे आणावा. जळगाव जिल्ह्यात तर तो केळीच्या बागेत सर्वत्र दिसतो. पंप, फिल्टर, मेन लाईन, सबमेन, लॅटरल नळ्या आणि शेवटी ड्रिपर. यांतला प्रत्येक भाग चांगला असून भागत नाही. प्रत्येकाचे तोंड पुढच्याच्या तोंडाला बसले पाहिजे. सोळा मिलिमीटरची नळी बारा मिलिमीटरच्या जोडावर बसत नाही. दुकानातून सुटे भाग आणणारा शेतकरी शिवारात गेल्यावर ज्या अडचणीत सापडतो, तीच अडचण जावाच्या घटकांची जोडणी करणाऱ्यापुढे असते. फरक एवढाच की, नळी बसली नाही तर ते तत्काळ दिसते; घटक बसला नाही तर पुष्कळदा दिसत नाही.

ते असे घडते. समजा, आपल्या कार्यक्रमात क आणि ख असे दोन घटक आहेत, आणि दोघांनाही ग हा तिसरा घटक लागतो. क ला ग ची पहिली आवृत्ती हवी, ख ला दुसरी. साधारणपणे कार्यक्रमात ग ची एकच आवृत्ती ठेवता येते. दुसरी ठेवली आणि तिच्यातून जुनी एखादी सोय काढून टाकलेली असली, तर क ज्या क्षणी ती सोय मागायला जाईल त्या क्षणी कार्यक्रम कोसळेल. तो क्षण पहिल्याच दिवशी येईल असे नाही. मार्चअखेरचा हिशेब करताना तो येऊ शकतो, कारण ती सोय केवळ तेव्हाच लागते. जावाच्या कारागिरांनी या प्रकाराला ‘जार-नरक’ असेच नाव दिले आहे, आणि ते अतिशयोक्तीचे नाही.

नावे बदलल्यानेही असाच घोटाळा होतो. मोठ्या संस्थांसाठी असलेल्या जावाच्या भागाची व्यवस्था ओरॅकलने २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे देण्याचे ठरवले. पण ‘जावाएक्स’ हे जुने नाव पुढच्या वाढीसाठी वापरण्यास मोकळीक दिली नाही. परिणामी त्या भागांचे नाव ‘जकार्ता’ झाले. वेबवरचे जावा-कार्यक्रम ज्यात चालवतात, त्या टॉमकॅट या सर्व्हरने दहाव्या आवृत्तीपासून नवे नाव स्वीकारले, आणि जुन्या नावाने हाक मारणारे कार्यक्रम त्यात जसेच्या तसे चालेनासे झाले. आजही एखाद्या पाकिटावर ‘पूर्व खानदेश’ असे लिहिले, तर आपला पोस्टमन ते जळगाव जिल्ह्यात पोचवील. यंत्रापाशी तेवढे तारतम्य नसते.

एक जवळचे उदाहरण

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.च्या प्रबंधांची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले. देशभरचे हे प्रबंध गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवले जातात आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आपल्या विद्यापीठाचे प्रबंधही त्यात आहेत. पूर्वी जो प्रबंध कपाटात धूळ खात पडला असता, तो आज चोपड्याचा विद्यार्थी घरी बसून वाचू शकतो.

शोधगंगा ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याचे नाव डीस्पेस. अमेरिकेतील एमआयटीचे ग्रंथालय आणि ह्यूलेट-पॅकार्ड ही कंपनी यांनी मिळून ते तयार केले आणि २००२ मध्ये खुले केले. ते जावात लिहिलेले आहे. म्हणजे जे साधन देशाच्या भांडाराला चालते, तेच अमळनेरच्या, शिरपूरच्या किंवा चाळीसगावच्या एखाद्या महाविद्यालयाला आपली जुनी नियतकालिके, स्मरणिका, परिसरातील बखरी आणि अहिराणी लोकगीतांची ध्वनिमुद्रणे जतन करण्यासाठी एक पैसा न देता घेता येते. कायद्याने त्याला कोणतीही आडकाठी नाही.

परंतु घेऊन पाहावे, म्हणजे शिध्याचा अर्थ कळतो. सातवी आवृत्ती घेतली असे धरू. प्रथम जावा हवी, आणि तीही ठराविक आवृत्तीची : सहाव्या आवृत्तीला जावा सात किंवा आठ चालत असे, सातवीला अकरा किंवा सतरा लागते. मग पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस बसवायचा आणि त्यात एक विशेष पुरवणी चालू करायची. मग शोध घेण्यासाठी सोल्र हा वेगळा सर्व्हर. सहाव्या आवृत्तीपर्यंत तो गाठोड्यातच येत असे, सातव्यापासून तो वेगळा बसवावा लागतो. मग टॉमकॅट. मग मेव्हन या साधनाने सारे घटक उतरवून घेऊन बांधणी करायची, अँट या दुसऱ्या साधनाने ती जागच्या जागी मांडायची. वाचकाला जे पान दिसते, त्याची व्यवस्था तर आणखी निराळी. तिला जावाऐवजी नोड लागते. यांतील प्रत्येक पायरीची माहिती उपलब्ध आहे, परंतु ती इंग्रजीत आहे, आणि वाचणाऱ्याला यातले बरेचसे आधीच येते असे गृहीत धरून लिहिलेली आहे.

महाविद्यालयाचा ग्रंथपाल हा ग्रंथशास्त्र शिकलेला असतो. तो हे करू लागला तर आठवडा जाईल, आणि एखाद्या अगम्य सूचनेपाशी गाडी अडली की बहुधा तेथेच राहील. मग बाहेरगावचा माणूस बोलावायचा, त्याने बसवून द्यायचे, आणि तो गेल्यावर काय कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसायचे. फुकटची वस्तू अशा रीतीने परावलंबनाला कारण होते. डीस्पेसच्या कर्त्यांनाही हा दोष जाणवला असावा. आठव्या आवृत्तीपासून त्यांनी मुख्य सर्व्हरचा भाग टॉमकॅट पोटात घेतलेल्या एकाच चालत्या गाठोड्याच्या रूपानेही देऊ केला आहे. शिध्याकडून शिदोरीकडे टाकलेले ते एक पाऊल म्हणावे लागेल.

बांधणीच्या चार रीती

शिदोरी बांधण्याच्या आजवर मुख्यतः चार रीती रूढ झाल्या. प्रत्येकीचा गुण वेगळा, दोषही वेगळा.

पहिली रीत चिठ्ठीची. आपल्याला कोणते घटक, कोणत्या आवृत्तीचे हवेत, याची चिठ्ठी लिहायची. साधन ती वाचते, मध्यवर्ती कोठारातून ते घटक आणि त्यांचा सारा गोतावळा आणते. मेव्हन हे साधन असे काम करते. त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये बाहेर पडली. एकाच घटकाच्या दोन आवृत्त्यांची मागणी आली तर मेव्हनचा नियम सरळ आहे : मुख्य कार्यक्रमाला नात्याने जो जवळचा, त्याचे म्हणणे चालायचे. नियम सोपा खरा, पण जवळचा तो शहाणाच असतो असे नाही. म्हणून जोडणी करणाऱ्याने निवाडा डोळ्यांखालून घालावा लागतो. ही रीत कारागिरासाठी उत्तम आहे. ज्याला नुसते वापरायचे आहे, त्याच्यासाठी ती अजून शिधाच आहे. फक्त वाण्याकडे जाण्याचा हेलपाटा वाचला.

दुसरी रीत सामाईक कोठाराची. लिनक्सच्या डेबियन, फेडोरा यांसारख्या संघांनी ती चालवली. प्रत्येक घटक मूळ संहितेपासून आपल्या हाताने पुन्हा बांधायचा, त्याची एकच मान्य आवृत्ती कोठारात ठेवायची आणि सर्व कार्यक्रमांनी तीच वापरायची. जावासाठी जेपॅकेज नावाच्या प्रकल्पाने या शतकाच्या आरंभी अशी खटपट केली. फेडोराला आश्रय देणाऱ्या रेड हॅट कंपनीचे मोठे केंद्र पुण्यात आहे, आणि फेडोराच्या भाषा व गाठोडी यांच्या कामात तेथील मंडळींनी पुष्कळ श्रम केले आहेत. या रीतीचा मोठा गुण असा की, एखाद्या घटकात दोष निघाला तर कोठारातला एक घटक बदलला की गावभरचे दुरुस्त होतात. दोष असा की, शेकडो कार्यक्रमांना एकाच आवृत्तीवर राजी करणे हे एकत्र कुटुंब चालवण्याइतकेच कठीण. ते काम करणारे स्वयंसेवक थकतात.

तिसरी रीत सर्व काही पोटात घेण्याची. कार्यक्रमाला जे जे घटक लागतात ते सारे एकाच मोठ्या जारमध्ये भरायचे, वेब-सर्व्हरसुद्धा आतच ठेवायचा. २०१४ मध्ये स्प्रिंग बूट या साधनाची पहिली आवृत्ती आल्यापासून ही रीत फार पसरली. तिचा उपयोग किती मोठा असू शकतो, याचे उदाहरण आरोग्याच्या क्षेत्रात आहे. ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने तयार झालेले डीएचआयएस-२ हे आरोग्यविषयक माहितीचे ओपन सोर्स सॉफ्टवेअर जावात आहे, आणि ते प्रथम वापरात आले ते २००६ मध्ये, आपल्याच देशात, केरळात. त्याच्या कर्त्यांनी नेहमीच्या रूपाबरोबर ‘लाइव्ह’ नावाचे एक गाठोडेही तयार केले होते. त्यात छोटा वेब-सर्व्हर आणि छोटा डेटाबेस आतच ठेवलेला असे. सर्व्हर कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही, अशा कर्मचाऱ्यालाही एका साध्या संगणकावर ते उघडून काम शिकता येई. ही खरी शिदोरी.

चौथी रीत चुलीसकट स्वयंपाकघर पाठवण्याची. कार्यक्रम, त्याचे घटक, जावा, इतकेच नव्हे तर भोवतालच्या फाइलींची सारी मांडणी एका पेटीत बंद करायची. अशा पेटीला कंटेनर म्हणतात, आणि २०१३ मध्ये आलेल्या डॉकर या साधनाने ती सर्वत्र नेली. पाच निरनिराळे सर्व्हर लागणारी जोडणीसुद्धा एका पानभर लेखाने आणि एका आज्ञेने उभी राहते. गैरसोय एवढीच की, पेट्या जड असतात. मंद इंटरनेट असलेल्या ठिकाणी त्या उतरवायला वेळ लागतो, आणि जुन्या संगणकाला त्यांचा भार होतो.

वाचकाच्या ध्यानात आले असेल की, पहिल्या रीतीकडून चौथीकडे जावे तसतशी वापरणाऱ्याची सोय वाढत जाते. पण त्याचबरोबर आणखी एक गोष्ट वाढते. गाठोडे जितके पक्के बांधावे, तितके आत काय आहे ते बाहेरून दिसेनासे होते.

बंद गाठोड्यातील धोका

या गोष्टीची जाणीव साऱ्या जगाला डिसेंबर २०२१ मध्ये झाली. जावात लॉगफोरजे नावाचा एक घटक आहे. त्याचे काम कारकुनाचे : कार्यक्रमात जे घडेल ते रोजकीर्दीत लिहायचे. हा घटक इतका उपयोगी की, तो जिकडेतिकडे वापरला जाई. त्याच्या दुसऱ्या पिढीत २०१३ पासून एक सोय होती. लिहावयाच्या मजकुरात विशिष्ट खुणांचा शब्द आढळला, तर त्या शब्दात दिलेल्या पत्त्यावर जाऊन माहिती आणायची. एखाद्या कचेरीतील कारकून आगंतुकांच्या नोंदवहीत नावे लिहून घेत आहे. एका आगंतुकाने नावाच्या जागी ‘अमुक घरी जा आणि तेथे सांगतील ते कर’ असे सांगितले. आणि कारकून खरोखरच उठून गेला, तर काय होईल? लॉगफोरजे नेमके तेच करीत असे. दुष्ट मनुष्याने साध्या चौकटीत ती अक्षरे टाइप करायची, आणि दूरच्या सर्व्हरचा ताबा घ्यायचा. मुलांच्या माइनक्राफ्ट या खेळापासून ते मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरपर्यंत हा दोष होता. डीस्पेसला लागणाऱ्या सोल्रच्याही अनेक आवृत्त्या त्यात सापडल्या. दोषाच्या तीव्रतेला दहापैकी दहा गुण देण्यात आले.

दुरुस्ती लवकर निघाली. एका पंधरवड्यात एकामागून एक तीन सुधारलेल्या आवृत्त्या आल्या. खरी अडचण निराळीच होती. आपल्याकडे हा घटक आहे की नाही, हेच कोणाला सांगता येईना! गूगलच्या अभ्यासकांनी त्याच महिन्यात मेव्हनच्या मध्यवर्ती कोठाराची तपासणी केली, तेव्हा पस्तीस हजारांहून अधिक गाठोडी या घटकावर अवलंबून असल्याचे दिसले. म्हणजे कोठाराच्या आठ टक्क्यांहून अधिक. त्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक ठिकाणी तो घटक थेट घेतलेला नव्हता. पाहुण्यांच्या पाहुण्यांमागून, कोठे कोठे नवव्या पिढीच्या नात्याने तो आत आला होता. ज्यांनी सामाईक कोठाराची रीत धरली होती, त्यांनी एक घटक बदलला. ज्यांनी सारे पोटात घेतले होते, त्यांना प्रत्येक गाठोडे उसवून पाहावे लागले. ज्यांना बाहेरचा माणूस बसवून देऊन गेला होता, त्यांना पाहावयाचे असते हेसुद्धा कळले नाही.

येथे कोणी म्हणेल, मग शिदोरी नकोच. शिधाच बरा, निदान डोळ्यांसमोर तरी असतो. मला तसे वाटत नाही. ज्याच्यापाशी चूल नाही त्याला शिधा देणे म्हणजे उपाशी ठेवणेच होय. उपाय राजवाड्यांच्या रुमालात आहे : गाठोडे खुशाल बांधावे, पण वर यादी असावी. कार्यक्रमात कोणकोणते घटक, कोणत्या आवृत्तीचे, कोणाचे आणि कोणत्या परवान्याचे आहेत, याच्या यंत्राला वाचता येणाऱ्या सूचीला इंग्रजीत ‘एसबॉम’ म्हणतात. आपण तिला घटकसूची म्हणू. अमेरिकन सरकारने आपल्या खरेदीसाठी मे २०२१ मध्येच तिचा पुरस्कार केला होता. आपल्या देशात संगणक-सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मेव्हनमध्ये अशी सूची आपोआप तयार करण्याची सोय आहे. बांधणी करताना तिला फार तर एखादे मिनिट लागते. पुढे एखाद्या घटकात दोष निघाल्याची वार्ता आली, की सूचीत बोट फिरवावे आणि काय ते कळावे.

शिदोरी कोणी बांधावी?

आता शेवटचा प्रश्न. एक मार्ग असा की, सारे काही बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवावे आणि दरमहा भाडे द्यावे. या मार्गात सोय आहे, आणि काही संस्थांना तोच योग्य ठरेल. परंतु भाडे थकले किंवा कंपनीने दुकान आवरले, तर आपले ग्रंथ, आपल्या नोंदी, आपले ऋणको-धनको यांची माहिती कोठे जाते, याचा विचार करार करण्यापूर्वी व्हावयास हवा. शंभर वर्षे चालवायच्या ग्रंथालयाने आपल्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे ठेवताना दोनदा विचार करावा.

दुसरा मार्ग असा की, जिल्ह्यात एकाने बांधावे आणि सर्वांनी वापरावे. याचे गणित साधे आहे. दहा महाविद्यालयांनी स्वतंत्रपणे एकेक आठवडा खर्च केला तर दहा आठवडे जातात, आणि दहा ठिकाणी दहा तऱ्हांची जोडणी होते. एकाची अडचण दुसऱ्याला सोडवता येत नाही. उलट एकाने तीन आठवडे घेऊन नीट गाठोडे बांधले आणि बाकीच्यांनी एकेक दिवसात ते बसवले, तर निम्म्या श्रमात काम होते, आणि सर्वांची जोडणी एकसारखी असल्यामुळे पुढची दुरुस्तीही एकदाच करावी लागते. हे काम करणारे हात आपल्यापाशी नाहीत असे नव्हे. जळगाव आणि धुळे येथे अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थी शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून काहीतरी करतातच. त्यांपैकी काहींनी नवा कार्यक्रम लिहिण्याऐवजी जुन्या उत्तम कार्यक्रमाची शिदोरी बांधली, तर ते अधिक कठीण आणि अधिक उपयोगी शिक्षण ठरेल.

चांगल्या शिदोरीची लक्षणे थोडक्यात सांगतो. ती आपल्याकडच्या साध्या संगणकावर, वीज जाते-येते अशा स्थितीत, चालवून पाहिलेली असावी. ती बसवण्याची रीत मराठीत, एका बैठकीत वाचून होईल इतकी लिहिलेली असावी. माहितीची राखीव प्रत कशी घ्यावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती प्रत परत कशी चढवावी, हे तीत असावे. कारण परत चढवून न पाहिलेली राखीव प्रत ही केवळ समजूत असते. नवी आवृत्ती आल्यावर काय करावयाचे ते आधीच ठरलेले असावे. प्रत्येक घटकाचा परवाना सोबत असावा. अपाची, जीपीएल इत्यादी परवाने वापरास मोकळीक देतात, पण परवान्याचा मजकूर जपून पुढे देण्याची अट घालतात, आणि ज्याने फुकट दिले त्याचे नाव पुसणे शोभत नाही. घटकसूची तर हवीच. आणि शेवटी, हे गाठोडे सांभाळण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवलेली असावी. तो शिकून पुण्याला गेला, तर त्याच्या जागी दुसरा तयार झालेला असावा.

यांतील शेवटचे लक्षण सर्वांत कठीण आहे. उत्साहाच्या भरात गाठोडे बांधणारे भेटतात. तीन वर्षांनी त्यातला जुना घटक काढून नवा घालणारा भेटत नाही. या कामाला प्रसिद्धी नाही, आणि ते नीट झाले म्हणजे कोणाला दिसतही नाही. म्हणून ते एखाद्या तरुणाच्या हौसेवर न सोडता संस्थेने आपल्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेळ आणि थोडे मानधन यांची तरतूद करावी. विहीर खोदण्यास वर्गणी देणारे गाव दरवर्षी गाळ काढण्याची व्यवस्था करील, तरच पाणी टिकते.

खुल्या सॉफ्टवेअरने आपल्याला कागदावर एक मोठा अधिकार दिलेला आहे : वापरण्याचा, वाचण्याचा, बदलण्याचा आणि देण्याचा. तो अधिकार अमळनेरच्या ग्रंथपालाच्या हातात प्रत्यक्ष यावयाचा, तर मध्ये कोणीतरी नीट बांधलेले आणि यादी लावलेले गाठोडे ठेवावे लागते. हे काम मोठ्या शोधाचे नाही; नीटनेटकेपणाचे आणि चिकाटीचे आहे. ते खानदेशात होऊ शकते, आणि आपल्यासाठी दुसरे कोणी ते करील, अशी वाट पाहण्याचे कारण नाही.